समुद्राचे शेवाळ आणि पिशवीचे दुखणे

मागच्या महिन्यातील एका रविवारची गोष्ट. सकाळी आम्ही मुलांच्या वह्यावाटपाचा हिशोब जुळवीत बसलो होतो. एवढ्यात मागच्या गल्लीतील एक वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. पदराखाली काहीतरी झाकलेले होते. "जयभीम दादा. ताई आहेत का घरात?" ताई म्हणजे आमच्या सौ. दोघींची मोरीपाशी बराच वेळ कुजबूज चालली. मग सौ. बाहेर आल्या आणि आमच्या वहीवर एक खोके ठेवून म्हणाल्या, "हे वाचून सांगा. सगळे इंग्रजीत आहे."

खोक्यावर निळा समुद्र, पाण्यात डुलणारी वनस्पती आणि हसणारी एक बाई. आत साठ कॅप्सूल. किंमत अठराशे रुपये, सहाशेच्या तीन हप्त्यांत. त्यातला एक हप्ता वहिनींनी दिलेला. या वहिनी घाटकोपरहून रोज मुलुंडला जाऊन चार घरची धुणीभांडी करतात. त्यांची थोरली बहीण पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरने गेली. ते दुखणे त्यांनी जवळून पाहिलेले. गल्लीत औषध विकायला आलेल्या बाईने दहाबारा जणींना जमवून सांगितले होते की, परदेशात सिद्ध झाले आहे, समुद्राचे शेवाळ घेतले की पिशवीचा कॅन्सर जवळ येत नाही. वहिनींनी त्याच दिवशी पैसे काढून दिले.

आम्ही खोके उलटेसुलटे करून वाचले. मागच्या बाजूला, चष्मा लावूनही दिसणार नाही अशा अक्षरांत छापले होते की हे अन्नपूरक आहे, कोणताही रोग ओळखण्यासाठी, टाळण्यासाठी किंवा बरा करण्यासाठी नाही. आम्ही ते मराठीत वाचून दाखवले. वहिनी गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "म्हंजे त्या बाईनं खोटं सांगितलं?"

आम्ही चटकन 'हो' म्हणणार होतो. पण तसे म्हणता येईना, कारण शेवाळाबद्दल काहीतरी वाचल्याचे आम्हाला आठवत होते. आम्ही डॉक्टर नाही. वाणिज्य शाखेचे पदवीधर, दिवसभर खतावण्या पाहणारे कारकून. परंतु कोणी समोर आकडा टाकला की तो कोठून आला हे शोधल्याशिवाय आम्हाला झोप येत नाही. म्हणून 'दोन दिवस द्या' म्हणालो. त्या दोन दिवसांचे पंधरा दिवस झाले, आणि जे हाती लागले ते येथे मांडीत आहोत. कौटुंबिक पानावर पुरुषाने बायकांच्या दुखण्याविषयी का लिहावे असे कोणा बंधूंना वाटले तर त्यांनी शेवटपर्यंत वाचावे. या दुखण्यात आपलाही वाटा आहे.

पिशवीच्या तोंडाचा, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर एका विषाणूमुळे होतो. त्याचे नाव ह्यूमन पॅपिलोमा विषाणू, थोडक्यात एच.पी.व्ही. जर्मनीचे शास्त्रज्ञ हाराल्ड झुर हाउजेन यांनी हे शोधून काढले आणि २००८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. विषाणूचे पुष्कळ प्रकार आहेत. त्यातले १६ आणि १८ नंबरचे दोन प्रकार मिळून शंभरातले सुमारे सत्तर कॅन्सर घडवतात. लागण शरीरसंबंधातून होते. ती झाली म्हणजे कॅन्सर झाला असे नव्हे. बहुतेक बायकांच्या शरीरातून हा विषाणू वर्षा-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. थोड्या जणींच्या शरीरात तो ठाण मांडून बसतो, आणि तेथून कॅन्सर व्हायला साधारण दहा ते वीस वर्षे जातात. ही मधली वर्षे फार महत्त्वाची. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांना हा कॅन्सर झाला आणि ऐंशी हजारांच्या आसपास दगावल्या, असा जागतिक कॅन्सर संशोधन संस्थेचा अंदाज आहे.

आता शेवाळाकडे येऊ. समुद्रात तांबड्या जातीची शेवाळे असतात. ती उकळून चिकट, खळीसारखा पदार्थ काढतात. त्याला कॅरागीनन म्हणतात. आयर्लंडमधले गरीब किनारी लोक अशी शेवाळे दुधात शिजवून खात. आज हा पदार्थ आइस्क्रीम आणि टूथपेस्ट यांत घट्टपणा येण्यासाठी घालतात, म्हणजे आपण सर्वांनी तो नकळत चाखलेला आहे. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात 'चायना ग्रास' मिळते ना, तेही तांबड्या शेवाळाचेच, पण ते अगार, कॅरागीननचे भावंड म्हणा. कॅरागीननसाठी लागणारे शेवाळ तामिळनाडूत रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर बांबूच्या तराफ्यांवर लावतात. कोळी समाजातील बायका कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून ते काम करतात.

२००६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेतील प्रयोगशाळेत जॉन शिलर आणि त्यांचे सहकारी काम करीत होते. एच.पी.व्ही.च्या लशीचा पाया घालणारी हीच मंडळी. त्यांना आढळले की काचेच्या भांड्यात या विषाणूला अडवण्यात कॅरागीनन फारच तेज आहे. कारण असे. आपल्या पेशींच्या अंगावर गंधकयुक्त साखरेच्या लांब साखळ्या असतात. विषाणू आधी त्या साखळीला चिकटतो आणि मग आत शिरतो. कॅरागीननही गंधकयुक्त साखरेची साखळीच. गर्दीच्या लोकलमध्ये माणूस पहिला हाताला येईल तो दांडा पकडतो, तसा विषाणू कॅरागीननलाच धरून बसतो आणि पेशीपर्यंत पोचत नाही. दुसऱ्या वर्षी उंदरांवरील प्रयोगातही हेच दिसले. त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. संततिनियमनासाठी वापरले जाणारे नॉनॉक्सिनॉल-९ नावाचे रसायन उंदरांत उलट लागण वाढवीत होते. तेव्हा कोणतेही मलम आत लावले की संरक्षण मिळते, असे मुळीच नाही.

यावरून एवढे ध्यानात यावे की कॅरागीनन जेथे विषाणू येतो त्याच जागी आणि त्याच वेळी असावे लागते. पोटात गेलेली कॅप्सूल पिशवीच्या तोंडाशी जाऊन पहारा देत नाही. आणि विषाणू आधीच पेशीत शिरला असेल तर दारात माणूस उभा करून काय उपयोग? विकणाऱ्या बाईने 'समुद्राचे शेवाळ' एवढा खरा शब्द उचलला होता. बाकीचे सारे तिने पदरचे घातले.

मग जेलचे काय? कॅनडात मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठाने २०१३ पासून तरुण स्त्रियांवर एक चाचणी घेतली. काहींना कॅरागीननचे जेल दिले, काहींना तसेच दिसणारे साधे जेल. पहिला महिना एक दिवसाआड लावायचे, शिवाय प्रत्येक संबंधाच्या आधी व नंतर. २०१९ मध्ये मधला हिशोब प्रसिद्ध झाला. साध्या जेलवाल्या शंभरांमागे ५९ जणींना नव्या प्रकारची लागण झाली होती, कॅरागीननवाल्या शंभरांमागे ४२ जणींना. पुढे साडेचारशेहून अधिक स्त्रियांचा पूर्ण हिशोब आला, त्यातही लागणीचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी दिसला. जमाखर्चाच्या भाषेत सांगायचे तर बाजू जमेची आहे, पण ४२ जणींना लागण झालीच, हेही त्याच पानावर लिहिलेले आहे. शिवाय हा लागणीचा हिशोब आहे, कॅन्सरचा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने या कॅन्सरला हटवण्याची जी योजना २०२० साली ठरवली तिच्यात लस, तपासणी आणि उपचार या तीन गोष्टी आहेत. शेवाळाचे जेल त्यात नाही.

तरीसुद्धा आम्हाला हे जेल महत्त्वाचे वाटते, त्याचे कारण वेगळे आहे. नवरा निरोध वापरायला तयार नसतो, ही आपल्या वस्तीतील घरोघरची गोष्ट आहे. शिवाय निरोधाने या विषाणूची लागण कमी होते, पूर्ण थांबत नाही. बाईने कोणाची परवानगी न मागता स्वतःच्या हाताने वापरावे असे काही असेल तर ते तिला हवेच आहे. हाच विचार करून दक्षिण आफ्रिकेत कॅरागीननचे जेल एड्सच्या विषाणूविरुद्ध वापरून पाहिले गेले. सहा हजारांहून अधिक स्त्रिया त्यात होत्या. २००८ मध्ये निकाल लागला, एड्सपासून संरक्षण मिळाले नाही. पण त्या निकालातील एक आकडा आम्ही दोनदा वाचला. परत आणलेल्या नळ्या तपासून पाहिले तेव्हा कळले की जितके संबंध आले त्यांपैकी सरासरी शंभरात ४२ वेळाच जेल वापरले गेले होते.

शिकलेली माणसे म्हणतील, बायकांना महत्त्व कळले नाही. आम्ही आमच्या सौ.ना विचारले. त्या म्हणाल्या, "दहा बाय बाराच्या खोलीत सासू, दोन पोरं आणि दीर. ती नळी ठेवायची कुठं, आणि रात्री दिवा न लावता उठायचं कसं?" आम्ही इतकी वर्षे अशाच खोलीत संसार करून हा प्रश्न आम्हाला सुचला नव्हता.

मग आज, या घडीला वहिनींनी करायचे काय? त्याचे उत्तर कॅनडात किंवा आफ्रिकेत शोधावे लागत नाही. ते आपल्या मुंबईतच, आपल्यासारख्याच वस्त्यांत सापडलेले आहे.

१९९८ साली टाटा मेमोरियल रुग्णालयाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत एक मोठी पाहणी सुरू केली. डॉ. सुरेंद्र शास्त्री तिचे प्रमुख होते. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया, वीस विभाग. तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, तर दहावीपर्यंत शिकलेल्या आणि काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या बाया होत्या. पद्धत अशी की पिशवीच्या तोंडाला पातळ व्हिनेगरचा बोळा लावायचा, मिनिटभर थांबायचे आणि दिव्याच्या उजेडात पाहायचे. बिघडू लागलेल्या पेशी असतील तर तेथे पांढरा चट्टा उमटतो. दर दोन वर्षांनी एकदा, अशा चार फेऱ्या झाल्या. बारा वर्षांचा हिशोब २०१३ मध्ये जगापुढे आला. तपासलेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले होते. (कोणी भगिनीने घरचे व्हिनेगर वापरून पाहू नये. ते मोजून पातळ केलेले असते आणि पाहणारी नजर शिकलेली असावी लागते.)

या पाहणीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. निम्म्या विभागांतील सुमारे ७६ हजार स्त्रियांना फक्त माहिती दिली गेली, त्यांची तपासणी झाली नाही. तुलनेसाठी तसा गट ठेवलेला होता. त्यातल्या काही जणी या कॅन्सरने गेल्या. पुढे वैद्यकीय नीतीच्या नियतकालिकांत यावर मोठा वाद झाला. संशोधकांचे म्हणणे असे की त्या काळी देशात कोठेच नियमित तपासणी होत नव्हती, म्हणजे त्या बायकांचे काही हिरावून घेतले नाही. आम्हाला हे पटत नाही. तपासणी होत नव्हती हा त्या बायकांचा गुन्हा नव्हता, आणि असा गट ठेवायची वेळ आली की झोपडपट्टीच का आठवते? अमेरिकेत हेन्रिएटा लॅक्स नावाची कृष्णवर्णीय बाई १९५१ साली याच कॅन्सरने वारली. तिच्या गाठीच्या पेशी तिला न विचारता काढून घेतल्या गेल्या आणि आजही त्या जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवल्या जातात. तेव्हा हा प्रकार आपल्याकडचाच आहे असे नाही. मात्र राग आला म्हणून त्या पाहणीने दिलेली तपासणी नाकारायची नाही. ती आपल्या बायकांनी किंमत मोजून मिळवलेली आहे, आणि ज्यांनी किंमत मोजली त्यांच्याच गल्लीत ती पोचत नसेल तर भांडण त्यासाठी करायचे.

आणि ती पोचलेली नाही. केंद्र सरकारने २०१६ मध्ये ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक स्त्रीची दर पाच वर्षांनी अशी तपासणी व्हावी असे ठरवले. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांमागे दोघींचीसुद्धा ती झालेली नव्हती.

तपासणी नसली की तिच्या जागी भीती येते, आणि भीतीवर धंदा करणारे येतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड भगिनींचे उदाहरण ताजे आहे. २०१९ मध्ये शासनाच्या समितीने ८२ हजारांवर बायकांची माहिती घेतली, तेव्हा तेरा हजारांहून अधिक जणींच्या पिशव्या काढलेल्या आढळल्या. अंगावरून पांढरे जाते म्हणून गेलेल्या बाईला कॅन्सरची भीती घालून टेबलावर घेतले, असे अनेकींनी सांगितले. त्या मानाने आमच्या वहिनींचे सहाशेच गेले म्हणायचे.

वहिनींना हे सारे सांगितल्यावर त्यांनी सौ.ना हळूच सांगितले की त्यांच्या अंगावरून सहा महिन्यांपासून पांढरे जाते आणि कधी कधी संबंधानंतर रक्तही दिसते. म्हणून तर त्या कॅप्सूल घेतल्या होत्या. आता थांबण्यात अर्थ नव्हता. संबंधानंतर किंवा पाळी गेल्यानंतर रक्त दिसले तर त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायला हवे.

अडचण निघाली नवऱ्याची. ते अंधेरीला एका इमारतीत रात्रपाळीला पहारेकरी आहेत. वयाने आमच्याहून लहान. एका सकाळी कामावरून आल्यावर ते थेट आमच्याकडे आले. चहा घेतला नाही. "दादा, तुम्ही म्हणता हा रोग संबंधातनं लागतो. म्हंजे एकतर ती तशी, नाहीतर मी तसा. लोक काय म्हणतील?"

आम्ही म्हणालो, "अरे, बस आधी. तू तसा नाहीस आणि तीही तशी नाही. लग्न झालेल्या बहुतेक सगळ्यांना हा विषाणू आयुष्यात कधी ना कधी चिकटून जातो. पुरुषाला बहुधा काहीच त्रास होत नाही, त्यामुळे त्याला कळतही नाही. लग्नाआधी कधी आला असेल तर कोणी तारीख सांगू शकत नाही. आमच्याही अंगावरून तो गेला असेल. मग आता काय आम्ही तोंड लपवून हिंडायचे?"

ते बराच वेळ खाली पाहत राहिले. आम्ही आणखी एक गोष्ट सांगितली, ती जरा कठोर होती. त्यांच्या मेहुणीला कोणी विचारले नव्हते की रक्त किती महिन्यांपासून जाते, कारण विचारायची लाज वाटत होती. त्या बाईला दवाखान्यात नेले तेव्हा डॉक्टरांनी नातेवाइकांनाच बाहेर बोलावले. हे त्यांना ठाऊक होते. उठताना म्हणाले, "मंगळवारी माझी सुट्टी आहे. पोरांचं मी बघतो."

त्यांची मुलगी सातवीत आहे. तिच्यासाठी लस आहे, हे आम्ही त्यांना त्याच वेळी सांगितले. विषाणूशी गाठ पडायच्या आधी, म्हणजे ९ ते १४ या वयात ती दिली तर सर्वांत उपयोगी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने आपल्या देशात बनवलेली लस २०२३ मध्ये आली. आधी तीन डोस लागत. एकाच डोसने भागते की काय हे कळायला आपल्याच मुली कारणीभूत झाल्या. २००९ मध्ये बार्शी, पुणे आणि इतर ठिकाणी दोन आणि तीन डोसांची तुलना सुरू झाली होती. २०१० मध्ये आंध्र आणि गुजरातेतल्या दुसऱ्या एका लसप्रकल्पावरून गदारोळ उठला आणि सरकारने सर्वच ठिकाणचे लसीकरण थांबवले. हजारो मुलींना एकच डोस मिळालेला. दहा वर्षांनी पाहिले तर त्या एका डोसनेही १६ आणि १८ नंबरची चिवट लागण रोखली होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये एक डोस पुरेसा मानला. आपल्या भागातील महापालिकेच्या आरोग्य केंद्रात मुलीचे वय सांगून चौकशी करावी. लस घेतलेल्या मुलीलाही तिशीनंतर तपासणी करावीच लागते.

मंगळवारी वहिनी, आमच्या सौ. आणि वहिनींच्या जाऊबाई अशा तिघी महापालिकेच्या एका रुग्णालयात गेल्या. जाऊबाईंना काहीच तक्रार नव्हती, त्या सोबत म्हणून, पिशव्या धरायला. केसपेपर, रांग, पुन्हा रांग. प्रत्यक्ष तपासणी पाच मिनिटांची. आत गेलेल्या डॉक्टरबाईंनी विचारले, "तुम्ही का बसलात? तुमचे वय काय?" चाळीस म्हटल्यावर त्यांनाही टेबलावर घेतले.

वहिनींच्या पिशवीच्या तोंडाला चट्टा नव्हता. जंतूंची साधी लागण आणि सूज होती, गोळ्या नवरा-बायको दोघांना दिल्या. पांढरा चट्टा निघाला तो जाऊबाईंना. दुर्बिणीने पाहून तुकडा तपासायला पाठवला. बारा दिवसांनी अहवाल आला की कॅन्सर नाही, परंतु त्याच्या आधीची पायरी आहे. त्याच महिन्यात तेवढा भाग उष्णतेने शेकून काढला. पिशवी शाबूत. दुसऱ्या दिवशी त्या घरी भाकऱ्या थापत होत्या, असे सौ. सांगतात.

कॅप्सूलवाली बाई दुसऱ्या हप्त्यासाठी आली तेव्हा वहिनींनी खोके तिच्यापुढे ठेवले. फोडलेले खोके परत घेत नाही म्हणाली. हप्ताही मिळाला नाही तेव्हा बडबडत निघून गेली. खोके सध्या आमच्याकडे आहे, कारण गल्लीतल्या आणखी नऊ जणींनी ते घेतले आहे आणि त्यांना मागची बारीक अक्षरे दाखवायची आहेत.

जाऊबाईंना डॉक्टरांनी वर्षाने पुन्हा बोलावले आहे. सौ. म्हणतात, पुढच्या वर्षीचे कॅलेंडर घरात आले की पहिली खूण त्या तारखेवर करायची.